थ्री नॉट थ्रीचा निशाणा सारखा सरकतो? नळीला दोष देण्याआधी लाकूड बघा

दर फेब्रुवारीत मला ठरलेला फोन येतो. "ऑक्टोबरात रायफल छान मारत होती, आता पाच गोळ्या पाच दिशांना जातायत. नळी गेली का हो?" मी मिशिगनमध्ये राहतो. गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्या आणि ओळखीच्यांच्या मिळून वीसेक जुन्या ली-एनफिल्ड मी याच तक्रारीसाठी उघडल्या. नळी खरोखर गेलेली अशा तीनच निघाल्या. बाकी सगळ्यांत दुखणं लाकडात होतं, आणि निम्म्यांत ते लाकूड आधीच्या मालकाने घाईत उघडून आणखी बिघडवलेलं होतं.

हे लिखाण फक्त शॉर्ट ली-एनफिल्ड नंबर १, मार्क ३ आणि मार्क ३ स्टार या रायफलींबद्दल आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या आणि भारतीय लष्कराने मोडीत काढल्यावर अमेरिकेत आलेल्या अशा रायफली इथे बऱ्याच सापडतात. आपल्याकडे पोलीस ठाण्याबाहेरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर जी दिसायची, २००८ च्या नोव्हेंबरात सीएसएमटीवर पोलिसांच्या हातात जी होती, तीच ही. मी ती पहिल्यांदा हातात घेतली साताऱ्यात, एनसीसीच्या ड्रिलला. नंबर ४ या पुढच्या मॉडेलचं लाकूड वेगळ्या पद्धतीने बसतं, त्याला यातलं सगळं लागू होत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: तिथे .३०३ ही प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या हत्यारांत मोडते. आजोबांच्या ट्रंकेत अशी रायफल निघाली, तर ती साफ करायला घेऊ नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा. पुढचं सगळं जिथे ती कायदेशीरपणे बाळगता येते तिथल्यांसाठी आहे.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन एकत्र दिसली, तर तुमची तक्रार बहुधा हीच आहे.

पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ पडतात आणि नळी तापत जाईल तसा मारा एकाच बाजूला सरकत जातो. उघडून पुन्हा जोडल्यावर झिरो, म्हणजे साइट लावून ठेवलेला निशाणा, बदलतो. पुढच्या लाकडाला हाताच्या पंजाने थाप मारली की आतून कट्ट असा आवाज येतो. स्क्रू घट्ट आहेत, तरी पुढचं लाकूड चिमटीत धरून हलवलं की किंचित हलतं. ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा पूर्वीसारखा लागत नाही. मॅगझिनच्या मागे, लाकूड लोखंडाला टेकतं तिथे केसासारखी चीर दिसते. हिवाळ्यात त्रास वाढतो, पावसाळी दमट दिवसांत आपोआप कमी होतो.

हे शेवटचं लक्षण लोक सांगतच नाहीत, मला खोदून विचारावं लागतं. माझ्या लेखी सगळ्यात बोलकं तेच.

आधी ही रायफल नक्की कोणती, ते वाचा

याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे उजव्या बाजूला बॅटरीचा उजेड तिरका पाडा. मुकुट, त्याखाली 'जी.आर.आय.' ही अक्षरं आणि वर्ष दिसलं, तर ती ब्रिटिश काळातली ईशापूरची. नुसतं 'जी.आर.' आणि एनफिल्ड किंवा दुसरं ब्रिटिश नाव असेल तर विलायती. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आर.एफ.आय.' असेल, तर स्वातंत्र्यानंतरची. मॅगझिनच्या थोडं पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसतो का? तो 'ईशापूर स्क्रू'. लाकूड फाकू नये म्हणून घातलेला. त्याला हात लावू नका.

ही ओळख आधी का पटवायची, तर ती चुकली तर पुढचं सगळं धोक्याचं ठरतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच बांध्याची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, २ए आणि पुढे २ए१. लांबून ती .३०३ सारखीच दिसते. तिचं मॅगझिन चौकोनी, ठोकळ्यासारखं असतं आणि लोखंडावर ७.६२ असा छाप असतो. दोघींची काडतुसं वेगळी. एकीचं दुसरीत कधीही घालायचं नाही. काही .३०३ रायफली पहारेकऱ्यांसाठी .४१० च्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका करून टाकल्या होत्या, त्यांच्या मॅगझिनच्या जागेत लाकडाचा ठोकळा असतो. आणि कुठेही 'डी.पी.' अशी अक्षरं दिसली तर ती ड्रिलची रायफल, गोळी झाडण्यासाठी बाद केलेली. ती भिंतीवर शोभते. तिच्यातून गोळी झाडण्याचा विचारही करू नका, विकणारा काहीही सांगो.

पुढच्या लाकडावर तांब्या-पितळेच्या तारेचे वेढे दिसले, तर ती रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी वापरायची म्हणून मजबूत केलेली होती. अशा रायफलीने फार सोसलेलं असतं. ती तपासल्याशिवाय मी स्वतः वापरत नाही.

आता नंबर जुळवा. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी मागच्या बाजूला एक नंबर असतो, तोच पुढे लोखंडी बॉडीवर असायला हवा. नोजकॅपवर (लाकडाच्या पुढच्या टोकावरची लोखंडी टोपी) आणि मागच्या साइटच्या पानाखालीही बहुधा असतो. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर तशी कागदावर नोंद करा, पुढे 'गेजचं काम'मध्ये हेडस्पेस तपासताना ती लागणार आहे.

फुकटच्या तपासण्या

*काडतूस.* दोष रायफलीचा ठरवण्याआधी दुसऱ्या लॉटची काडतुसं घेऊन पाच गोळ्या झाडा. १९५०-६० च्या दशकातला सरप्लस दारूगोळा आता इतका जुना झालाय की त्याचा वेग एका गोळीपासून दुसऱ्या गोळीला बदलतो. कधी खटका ओढल्यावर क्षणभराने बार होतो. तसं झालं किंवा बार झालाच नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. झिजलेल्या नळीत सपाट बुडाच्या गोळ्या निमुळत्या बुडाच्या गोळ्यांपेक्षा चांगल्या चालतात. मी १७४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सपाट बुडाची वापरतो, जुन्या मार्क ७ काडतुसातल्या गोळीच्या वजनाची.

*नळीची सफाई.* जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळाल्यावर मागे मीठच उरतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तेलाने ते निघत नाही, पाण्यानेच निघतं. सैनिकांना म्हणूनच उकळतं पाणी ओतायला नरसाळं दिलेलं असायचं. लाकडाला पाणी लागणार नाही अशा बेताने चेंबरकडून गरम पाणी ओता, कोरडी चिंधी फिरवा, मग तेलाची. चिंधी पांढरी येईपर्यंत थांबू नका, ती कधीच येत नाही. तिसऱ्या-चौथ्या चिंधीला मळ कमी होताना दिसला की पुरे.

*नळीचं तोंड.* सैनिक दोरीने नळी ओढून साफ करायचे. दोरी रोज एकाच बाजूला घासली की तोंडाची गोलाई लंबगोल होते. टार्गेटवरची भोकं गोल आहेत की लांबट, ते बघा. लांबट असतील तर गोळी आडवी होऊन लागतेय, म्हणजे नळी झिजली आहे किंवा गोळी तिच्यासाठी बारीक आहे. या नळ्यांना .३११ ते .३१२ इंचाची गोळी लागते. भोकं गोल असतील तर नळीला दोष देणं थांबवा आणि पुढे चला. ज्या तीन नळ्या खरोखर गेलेल्या होत्या, त्या तिन्ही इथेच कळल्या, रायफल उघडावीही लागली नाही.

*साइट.* पुढची साइट तिच्या खाचेत बोटाने सरकते का, मागच्या साइटचं पान आडवं डुलतं का, बघा. मार्क ३ स्टारला मागच्या साइटवर डावी-उजवीकडची सोय नसते, म्हणून लोक पुढची साइट ठोकून ठोकून ढिली करतात.

*दस्ता.* पुढचं लाकूड एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात धरून पीळ द्या. दस्ता हलला तर त्याचा बोल्ट ढिला आहे. पण तो आत्ता घट्ट करू नका. मी हे ठळक लिहितोय, कारण माझ्याकडे आलेली निम्मी फाटलेली लाकडं याच चुकीची होती. या मॉडेलमध्ये दस्त्याच्या आतून येणाऱ्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकातल्या एका पट्टीत अडकून बसतं. पुढचं लाकूड जागेवर असताना मागून स्क्रूड्रायव्हर फिरवला की ते चौकोनी टोक फिरतं आणि लाकूड आतून फाडतं. आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच दस्त्याचा बोल्ट फिरवायचा. शंभर वर्षं टिकलेलं लाकूड अर्ध्या मिनिटात गेलेलं मी पाहिलंय, आणि ते पाहताना पोटात तुटतं.

थोडी अवजारं लागणाऱ्या तपासण्या

या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. घरातला उतरत्या धारेचा स्क्रूड्रायव्हर त्यांची तोंडं खातो. खाचेत नेमकं बसणारं, समांतर धारेचं पातं घ्या. वीसेक डॉलर जातील, पण मूळ स्क्रू वाचतील.

आधी नोजकॅपकडे बघा. नळीचं टोक अंगठ्याने हलकेच वर आणि बाजूला दाबा. ते जरासं हलून परत जागेवर यायला हवं. ते एका बाजूला चिकटून बसलं असेल तर नळी तापून लांबली की तिला जायला जागा नसते, ती वाकते, आणि मारा सरकतो. आत लाकडात एक लहान स्प्रिंग आणि खुंटी असते, ती नळीला खालून हलका आधार देते. जुन्या ग्रीजमध्ये ती घट्ट रुतलेली मला अनेकदा सापडली. खनिज टर्पेंटाइनने धुतली की झालं.

आता मुख्य जागा: ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू. हाच पुढच्या लाकडाला लोखंडी बॉडीशी बांधून ठेवतो. त्याच्याभोवती लाकडात एक लोखंडी नळकांडं असतं, कॉलर म्हणतात त्याला. स्क्रू जास्त आवळला तरी लाकूड चिरडू नये, म्हणून ते असतं. कॉलरची उंची लाकडाच्या जाडीपेक्षा नखभर कमी हवी, म्हणजे स्क्रू आवळताना लाकूडही दाबलं जातं.

हिवाळ्यात काय होतं ते आता समजेल. घरात हीटिंग चालू असतं, हवा कोरडी पडते. लाकूड आपल्या धाग्यांच्या आडव्या दिशेने आकसतं, लोखंडी कॉलर आकसत नाही. लाकूड कॉलरपेक्षा पातळ झालं की स्क्रूचा सगळा दाब कॉलरवर जातो. हाताला स्क्रू घट्ट लागतो, पण लाकूड मोकळं असतं. मग प्रत्येक गोळीला ते थोडं मागे-पुढे होतं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतं.

ओळखायची सोपी रीत: पुढचा स्क्रू व्यवस्थित आवळा, मग गार्ड आणि लाकूड यांच्यामध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. स्क्रूच्या जवळपर्यंत आत गेली, तर हाच आजार.

यावर लोक कॉलर कानशीने घासतात. मी ते करत नाही. या मॉडेलमध्ये ट्रिगर हा गार्डलाच जोडलेला असतो. कॉलर घासली की गार्ड वर चढतो, आणि ट्रिगर व सीअर (कॉक केलेला घोडा अडवून धरणारा भाग) यांचं अंतर बदलतं. खटक्याचे दोन टप्पे बिघडतात, आणि वाईटात वाईट म्हणजे धक्क्याने सीअर सुटू शकतो. मी गार्ड आणि लाकूड यांच्यामध्ये, कॉलरभोवती, पातळ पितळी पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची चकती ठेवतो. कॉलर जशीच्या तशी राहते, फट भरली जाते, आणि उद्या चकती काढली की रायफल मूळ स्थितीत. पुठ्ठ्याला जवसाचं तेल पाजून वाळवून घ्या. माझ्याकडच्या अकरा रायफली एवढ्यावरच बऱ्या झाल्या.

काही केलं तरी शेवटी रिकामी रायफल कॉक करून (घोडा मागे ओढून झाडायला सज्ज करून) दस्ता गालिच्यावर तीन-चारदा आपटून बघा. सीअर सुटला तर तिथेच थांबा, रायफल गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या.

लाकूड उतरवावं लागलं तर

चकतीने भागलं नाही, किंवा मॅगझिनच्या मागे चीर दिसतेय, तर उघडावं लागेल. नोजकॅप, बँड (लाकूड नळीला बांधणारी लोखंडी पट्टी), आतल्या बँडचा स्क्रू आणि त्याची स्प्रिंग, गार्ड, या क्रमाने. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा आणि ती बारीक स्प्रिंग वाटीत ठेवा. लाकूड काढताना तोंडाकडून तरफेसारखं उचकटू नका. दोन्ही हातांनी, बॉडीपासून सरळ खाली, सरळ रेषेत.

आत सीअरच्या दोन्ही बाजूंना लाकडात दोन लहान खांदे दिसतील. गोळी सुटताना रायफलीचा मागे येणारा सगळा धक्का हे दोन खांदे झेलतात. चार किलोच्या रायफलीचं काम दोन बोटांएवढ्या लाकडावर चाललेलं असतं. ते दबले, तेलाने मऊ पडले किंवा एका बाजूचा तुटला, की धक्का दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथून चीर निघते. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याने त्यांच्या मऊ लाकडात इथे तांब्याच्या पट्ट्या घातल्या होत्या. या जागेचं दुखणं किती जुनं आणि ओळखीचं आहे, ते त्यावरून दिसतं.

दोन्ही खांदे सारखे टेकतात का, हे बघायला घरचं काजळ उत्तम. लोखंडाला पातळ काजळ लावा, लाकूड बसवा, दाबा, उतरवा. दोन्ही खांद्यांवर सारखा काळा ठसा हवा. एकावरच आला, तर दुसऱ्यामागे पातळ पत्र्याचा तुकडा ठेवून पुन्हा ठसा घ्या. ठसे सारखे आले की किती भरायचंय ते कळलं.

खांदे नुसते दबलेले असतील तर कठीण लाकडाचा छोटा तुकडा चिकटवता येतो, त्याच्या धाग्याची टोकं लोखंडाला टेकतील असा. धागा आडवा ठेवला तर तो महिन्याभरात पुन्हा दबतो. चिकटवण्याआधी ती जागा ॲसिटोनने तीन-चारदा पुसा. तेल मुरलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही, आणि धरल्यासारखी वाटते हे अधिक वाईट.

लाकूड उघडं आहेच, तर आता दस्त्याचा बोल्ट आवळा. आणि पॉलिश पेपर खाली ठेवा. लाकडावरचे छाप, खोके रचल्याचे व्रण, कुणीतरी टोकाने कोरलेला नंबर, हे सगळं त्या रायफलीचं आयुष्य आहे. घासून गेलेलं परत येत नाही. जुनं ग्रीज निघण्यासाठी लाकूड काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवा आणि पाझरलेलं पुसत राहा. मग जवसाचं तेल हाताने, पातळ, दिवसाआड. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून बाहेर पसरून ठेवा.

गेजचं काम

बोल्ट बंद असताना त्याचं तोंड आणि काडतुसाची कड जिथे बसते ती जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०३ साठी ते .०६४ इंचापासून, लष्करी कमाल मर्यादेने .०७४ इंचापर्यंत चालतं. ते वाढलं तर काडतुसाची पुंगळी बुडापाशी फाटून गॅस मागे येऊ शकतो. बोल्टचा नंबर जुळत नसेल, तर गेज (हे अंतर मोजायचं नेमक्या जाडीचं माप) लावल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. नवीन घेतलेल्या रायफलीलाही हाच नियम. मी तर घेतल्या दिवशीच लावतो. गेज नसेल तर गनस्मिथ दहा मिनिटांत बघून देतो. झाडलेल्या पुंगळीत वाकवलेली बारीक तार घालून बुडाजवळ आतून खाच लागते का, हेही बघा. लागली तर गेज येईपर्यंत रायफल बंद.

इथे थांबा

हेडस्पेस मर्यादेबाहेर गेलेला. नळीला आतून काळी कडी दिसते किंवा बाहेरून फुगवटा लागतो. बॉडीवर किंवा बोल्टच्या खांद्यांवर चीर आहे, वेल्डिंग आहे, भोक पाडून बुजवलंय. गोळी नळीत अडकली आहे. सीअर धक्क्याने सुटतो. पुढच्या लाकडाची चीर खांद्यांपासून पुढे बोटभर गेली आहे, किंवा ईशापूर स्क्रूपर्यंत पोहोचली आहे. यातलं काहीही दिसलं की अवजारं खाली ठेवा. लाकडाचं काम जुन्या लष्करी रायफली करणाऱ्या गनस्मिथकडे द्या. शिकारीच्या रायफली करणारे चांगले असतात, पण ते अख्खं लाकूड इपॉक्सीने भरून टाकतात, आणि ही नळी तशी बसवलेली नसते.

देताना कुठल्या महिन्यात त्रास सुरू झाला, मारा कुठल्या बाजूला सरकतो, नंबर कुठे जुळत नाहीत, हे एका कागदावर लिहून द्या. टार्गेटचे कागदही द्या. आणि लाकडाचा तुटलेला तुकडा, कितीही लहान असो, फेकू नका, पिशवीत घालून सोबत द्या.